सरव्याची टोपली

धूड पहिल्यांदा शिवारात आलं तेव्हा झाडून सगळा गाव बघायला लोटला होता. फक्त मुकादमीण गेली नाही. तिचं डोकं दुखत होतं म्हणे. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. ती मागच्या दारी बसून विळ्याला धार लावत होती, आणि धार लावून झालेल्या विळ्याला पुन्हा धार लावत होती.

धूड म्हणजे हार्वेस्टर. शेतकऱ्यांच्या संस्थेने घेतलेला, घराच्या छपराएवढा उंच. पुढे माणसाला आडवा पाडेल असा फिरता पंखा, त्याच्याखाली पात्यांची लांबलचक पट्टी, पोटात मळणी आणि पाठीवर धान्याची टाकी. एकीकडून उभा गहू आत जायचा आणि दुसरीकडून भुस्सा उडायचा. मुकादमिणीची टोळी जे शेत आठवडाभर कापत बसायची, ते धूड सकाळी धरायचं आणि जेवणाच्या आत मोकळं करायचं.

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हतं, पण खरं नाव आता रेशनच्या दुकानदारालासुद्धा आठवलं नसतं. कापणीच्या बायकांची टोळी ती चालवायची. कुणी कुठे उभं राहायचं, भरभर कापणारीच्या शेजारी कुणाला लावायचं म्हणजे तिलाही चेव येईल, कुणाला बरं नाही म्हणून सावलीच्या अंगाला ठेवायचं, हे सगळं ती बांधावर पाय ठेवता ठेवता ठरवायची. तिच्या शब्दाला टोळीत मान होता आणि शेतमालकही तिला वचकून असत. घरात नवरासुद्धा तिला मुकादमीणच म्हणायचा, आणि भांडण झालं की मुकादमीणबाई.

धूड आलं आणि टोळीकडे उरले कोपरे. एवढ्या मोठ्या यंत्राला शेताच्या कोपऱ्यात वळता येत नाही. म्हणून आधी बायकांनी चार कोपरे हाताने कापून द्यायचे, मग ते आत शिरणार. आणि दुसरा उरला सरवा. कापणी झाल्यावर जमिनीवर ज्या ओंब्या पडून राहतात त्या वेचणारीच्या, हा तिथला पूर्वीपासूनचा रिवाज होता. धूड काही विळ्यासारखं निगुतीने कापत नसे. ते खूप सांडायचं. त्यामुळे टोळी त्याच्या मागे टोपल्या घेऊन चालायची आणि वर्षाचं पीठ गोळा करायची.

आता यात मोठी पंचाईत अशी होती की धूड आलं त्या वर्षी मुकादमिणीची कंबर दुखायची थांबली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. यंत्राला शिव्या घालायच्या आणि त्याच यंत्राच्या कृपेने सकाळी भिंतीला न धरता उठायचं, हे तिच्या स्वभावाला पटत नव्हतं. शिव्या घालायला कारणंही होती. ओल्या रानात धुडाची चाकं गेली की जमीन रस्त्यासारखी घट्ट व्हायची, नांगर टेकेना. काड आखूड पडायचं, जनावरंवाले बोंबलायचे. टोळीतल्या निम्म्या बायका शहरात भांडी घासायला गेल्या. पण बाकीच्यांची बोटं कापायची थांबली, कापणीच्या दिवसांत पोरं शाळेत दिसू लागली, आणि झुडपाच्या सावलीत तान्ह्याला निजवून मन तिकडे ठेवून कापायची वेळ कुणावर आली नाही. मुकादमीण ही सगळी बेरीज-वजाबाकी मनात करायची आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं, म्हणून चिडायची.

नवरा शिंपी होता. त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: एक पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर कुणी न नेलेले दोन कोट. एकदा ती धुडाच्या नावाने बोटं मोडत असताना तो सुई दातात धरूनच म्हणाला, "रुसून काही होत नाही. मी रेडीमेडवर रुसलो होतो, आठवतं? विजेची मशीन घे म्हणून पोरं मागे लागली होती, तर मी म्हटलं, माझ्या हातातली सफाई त्यात नाही. आज बघ, त्याच रेडीमेडच्या चेनी बदलत बसलोय."

"म्हणजे मी काय करू? धुडाच्या पाया पडू?"

"पाया कशाला पडतेस? वर चढून बस."

तो थट्टेने बोलला होता. पण बायकोच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायची सोय नसते, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी त्याला कळायला हवं होतं.

धुडाचा ऑपरेटर परगावचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. दुपारी तो यंत्राच्या सावलीत डबा खायचा आणि तिथेच लवंडायचा. मुकादमीण कोपरे कापून झाले की त्याच सावलीत येऊन बसू लागली. आधी तिने यंत्राची निंदा केली. मग हा दांडा कशाला, तो कशाला, असं विचारू लागली. मग एके दिवशी रिकाम्या रानात, पीक निघून गेलेलं असताना, त्याने तिला सीटवर बसवलं. तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. दोघंही हसले. दुसऱ्या दिवशी ती पाठीमागे लावायला घरातली गोधडी घेऊन आली, तेव्हा मात्र तो हसला नाही. त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्या हंगामात तो रिकाम्या रानात तिला शिकवत राहिला, आणि मुकादमिणीला त्या सीटची चटक लागली. वरून सगळं शेत एका नजरेत दिसायचं. आयुष्यभर जे तिने वाकून पाहिलं होतं ते पहिल्यांदा बसून पाहत होती.

यंदा ऑपरेटरने सांगून टाकलं की आपल्या घराजवळ काम मिळालंय, या महिन्यानंतर तो नाही. धुडाची सीट रिकामी होणार. संस्थेची बैठक भरली. कचेरी म्हणजे लोखंडी खुर्च्या, कपाटावर बरण्यांतून बियाण्याचे नमुने आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा. अध्यक्षांच्या मनात त्यांचा भाचा होता. पोरगा ट्रॅक्टर उत्तम चालवायचा, गॉगल लावायचा, वाईट नव्हता. अध्यक्षांनी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुकादमीण म्हणाली, "मी चालवीन."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी हसलं. अध्यक्ष सभ्य माणूस. ते हसले नाहीत, पण चष्मा पुसू लागले.

"मुकादमीणबाई, तुमचे पाय तरी पोचतात का हो?"

"उशी लावली की पोचतात."

"अहो, पण तुम्हाला येतं का?"

"येतं," ऑपरेटर कोपऱ्यातून म्हणाला. तो बैठकीत बोलला, याचंच सगळ्यांना जास्त आश्चर्य वाटलं.

अध्यक्षांना भाच्याला दुखवायचं नव्हतं आणि ऑपरेटरला खोटं पाडायचं नव्हतं. त्यांनी मग एक तोडगा काढला. ओढ्याकाठचं शेत वाऱ्याने आडवं झालं होतं. गहू सगळा एका अंगाला झोपलेला. ते कापायला कुणीच तयार नव्हतं. तेच दोघांत वाटून द्यायचं, अर्धं भाच्याला, अर्धं मुकादमिणीला. कापून झालं की टोळीने दोन्हीकडचा सरवा वेगवेगळ्या टोपल्यांत वेचायचा. ज्याच्या मागे सरवा कमी, सीट त्याची. वेचलेला सरवा रिवाजाप्रमाणे वेचणारींचा.

"आणि टोळीची काळजी करू नका," उठता उठता अध्यक्ष म्हणाले, बातमी गोड असल्यासारखं. "पुढच्या वर्षी कोपऱ्यांसाठीही हातात धरायचं छोटं यंत्र येतंय. तुमचा तेवढाही त्रास वाचेल."

मुकादमीण दारातच हिशोब करू लागली. म्हणजे कोपरेही गेले. आता ती सीट मिळाली तर शिवारात तिला जागा होती, नाही तर नव्हती.

ही बातमी घरी पोचायच्या आधी धाकट्या जावेकडे पोचली. धाकटी जाऊ टोळीतली सगळ्यात उंच बाई आणि सगळ्यात तिखट. वेचायला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती नळावर मुकादमिणीला गाठून उभी राहिली. बादली भरून वाहत होती तरी दोघींचं लक्ष नव्हतं.

"ताई, तुम्ही जिंकलात तर तुमच्या मागे ओंबी पडायची नाही. म्हणजे आमची टोपली रिकामी. हरलात तर टोपली भरलेली. मग आम्ही देवाकडे काय मागायचं, तेवढं सांगून ठेवा."

"अगं, मी काही तुमच्या वाइटावर..."

"तसं मी कुठे म्हणतेय? कोपरे गेले. सरवा तेवढा राहिलाय. तो भाचा उडवत चालवतो, निम्मं सांडतो, देव त्याचं भलं करो. आणि त्याच्या जागी कोण बसणार, तर आमचीच मुकादमीण. बरंय." तिने बादली उचलली. "वेचायला मात्र मी येणार. जे असेल ते असेल म्हणून सांगणार. तुमच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही."

मुकादमिणीने वाहणारा नळ बंद केला. 

संध्याकाळी नवऱ्याने दुकान लवकर बंद केलं. त्याने जुन्या कोटाचं कापड उसवून, आत कापूस ठासून, एक जाडजूड उशी शिवली होती. पाठीला बरोबर बसेल अशी, आणि घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना बंद. त्याने ती बायकोच्या पुढ्यात ठेवली. मुकादमिणीने ती उलटीपालटी करून पाहिली. शिलाई दुहेरी होती.

"न नेलेला कोट फाडलास?"

"कुणी नेत नव्हतं. बसला असता असाच टांगून."

सकाळी दव सुकेपर्यंत सगळी मंडळी ओढ्याकाठी जमली. आधी भाचा. तो एका उडीत सीटवर चढला, गॉगल लावला, आणि शेत त्याने ट्रॅक्टरवाल्याच्या पद्धतीने धरलं: सरळ रेघ मारत जायचं, टोकाला वळायचं, सरळ रेघ मारत परत यायचं. काम झपाट्याने झालं. बघणाऱ्यांनी मान डोलावली. एका अंगाने जाताना त्याचं ठीक कापलं जात होतं, परत येताना मात्र मागे ओंब्यांची पखरण होत होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती. टोळी खूश होती. टोपल्या भरत होत्या.

मग मुकादमीण चढली. उशी बांधली. पाय ब्रेकवर नीट पोचले. दोघांच्या हद्दीवर ओळखीसाठी एक रुंद पट्टा तसाच उभा सोडला होता; त्याच्या पलीकडचं अर्धं शेत तिचं. तिने क्षणभर गव्हाकडे पाहिलं, तो कुठे झोपलाय ते हेरलं, आणि आडवं पीक जन्मभर जसं कापलं तसंच धरलं. आडवं पीक कापताना कापणारी बुंध्याच्या अंगाला उभी राहते. ओंब्या तिच्यापासून लांब पडलेल्या असतात, ताटं मुठीत घ्यायची आणि विळा ओढायचा. टोळीतल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं. मुकादमिणीने धूड त्याच अंगाने आत घातलं आणि बुंध्याकडून ओंब्यांकडे कापत निघाली. हळू, सावकाश, आपलं काही चुकत नाही अशा खात्रीने.

पहिला पट्टा अर्ध्यावर आल्यावर तिने बाजूच्या आरशात पाहिलं. धाकटी जाऊ वाकली होती आणि दोन्ही हातांनी वेचत होती. दोन्ही हातांनी. शेजारची बाई टोपली पुढे ढकलत होती आणि दोघी हसत होत्या. सरवा असा दोन्ही हातांनी वेचायला मिळतो तेव्हा चालवणाऱ्याची अब्रू गेलेली असते.

 मुकादमिणीने पट्टा कसाबसा संपवला आणि यंत्र बंद केलं. बांधावर कुजबूज सुरू झाली. भाच्याने गॉगल कपाळावर चढवला. ऑपरेटरने मान खाली घातली. पैजेत कुणाला मदत होऊ नये म्हणून त्याला बोलायची मनाई होती, आणि रिकाम्या रानात शिकवताना आडवं पीक दाखवायचं राहून गेलं हे त्याचं त्यालाच खात होतं.

ती खाली उतरली. आयुष्यभर जे बरोबर होतं तेच करून आज चुकतंय, याचा तिला राग आला होता, आणि एरवी धुडावर काढायची तसा तो राग काढायला आज सोय नव्हती. तिने धाकट्या जावेच्या कमरेचा विळा मागून घेतला. झोपलेल्या गव्हापाशी गुडघा टेकला, बुंध्याच्या अंगाने एक मूठ धरली, कापली. सगळ्या ओंब्या मुठीत. बरोबर. मग तिने डावा हात पाठीमागे घेतला आणि नुसता विळाच ओढला. ताटं कापली गेली, पण ओंब्या पुढे घरंगळून जमिनीवरच राहिल्या.

 ती स्वतःशीच म्हणाली, "मूठ नाही ना याला."

एवढंच होतं. बाईला डावा हात असतो, धुडाला नाही. त्याने कापायच्या आधी ओंबी त्याच्या तोंडात यायला हवी, म्हणजे मग बुंधा कुठे जातोय? तेव्हा तिकडून यायचं. ओंब्यांकडून बुंध्याकडे. विळ्याच्या बरोबर उलट. आणि प्रत्येक वेळी त्याच एका अंगाने. परत येताना कापायचंच नाही.

ती पुन्हा चढली. धूड वळवून शेताच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि पात्यांची पट्टी इतकी खाली घेतली की खालच्या मातीला फक्त लागायची बाकी राहिली. पंखा ओंब्या उचलून आत घेऊ लागला, म्हशीने जिभेने वैरण ओढावी तसा. पट्टा संपला की ती न कापता रिकामी परत यायची आणि पुन्हा त्याच टोकापासून धरायची.

"अहो, डिझेल!" अध्यक्ष बांधावरून म्हणाले. "मोकळं फिरवताय ते!"

"मामा, या अशाने पुढच्या कापणीपर्यंत उरकेल," भाचा म्हणाला, आणि काही लोक हसले. खोटं नव्हतं ते. डिझेल जळत होतं, वेळ जात होता, आणि मोकळ्या फेऱ्यांनी रान जास्तच तुडवलं जात होतं. यातलं काहीच फुकट नव्हतं. पण पैज जमिनीवर काय उरलं याची होती.

मुकादमिणीने पुन्हा आरशात पाहिलं. धाकटी जाऊ आता नुसती चालत होती. चार पावलं, मग एकदा वाकायची, रिकामी उठायची. उठताना तिने हात कमरेवर ठेवला. तसाच, अंगठा मागे आणि बोटं पुढे, जसा मुकादमीण वर्षानुवर्षं ठेवत आली होती.

तेव्हा तिच्या मनात आलं, पट्टी जराशी उचलावी. वीतभर. कुणाला कळणार नाही. भाच्याइतकं सांडणार नाही, तरी त्यांच्या टोपल्यांत काहीतरी पडेल. तिचा हात दांड्यावर गेला. पण तो कमरेवरचा हात तिला दिसला होता. पोरीचं वय ते काय, आणि आत्ताच कंबर धरायला लागली. मी हिला वाकायला शिकवलं, मुकादमिणीला वाटलं, आणि आता हिने वाकतच राहावं म्हणून ओंब्या सांडू?  तिने दांडा सोडला नाही, पण वर ओढण्याऐवजी पट्टी आणखी केसभर खाली घेतली.

शेत संपलं तेव्हा सावल्या पायाशी आल्या होत्या. टोपल्या बांधावर आणून मांडल्या. भाच्याच्या बाजूच्या टोपल्या शिगोशीग भरलेल्या, एकीतून ओंब्या बाहेर सांडत होत्या. मुकादमिणीच्या बाजूची एकच टोपली होती, आणि तीही पुरती भरलेली नव्हती.

अध्यक्षांनी त्या टोपलीत डोकावून पाहिलं. "हेच सगळं?"

धाकटी जाऊ पुढे आली. एवढ्या मोठ्या शेतात दुसरीकडच्या दोन-चार टोपल्या इकडे मांडायला तिला कुणी अडवलं नसतं, आणि तिला तसं करायला कारणही होतं. हे मुकादमिणीला वरून सीटवरून दिसत होतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"हेच," जाऊ म्हणाली. "आणि हेसुद्धा पहिल्या पट्ट्यातलं. पुढच्या सगळ्या पट्ट्यांत यांनी आम्हाला नुसतं फिरायला लावलं." पुढच्या पट्ट्यांसाठी वेगळी घेतलेली टोपली अजून तिच्या हातातच होती, ती तिने सगळ्यांसमोर उपडी केली. दोन ओंब्या आणि एक ढेकूळ पडलं. "हा घ्या मुकादमिणीचा सरवा."

ती चिडून बोलत होती, पण मान ताठ होती. टोळीतल्या बायका आधी हसल्या, मग ओरडल्या, मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळा बांध टाळ्या वाजवू लागला. शिंपी दुकान टाकून आला होता, हे मुकादमिणीला तेव्हा दिसलं. तो मागे उभा राहून शेजारच्या माणसाला उशीबद्दल सांगत होता.

अध्यक्षांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने खांदे उडवले. "मामा, मी मागे बघितलंच नाही," तो म्हणाला. प्रामाणिक पोरगा. "सीट त्यांचीच."

"ठरलं तर," अध्यक्ष म्हणाले. "सीट तुमची, मुकादमीणबाई."

"नक्की माझी? मग कुणी बसायचं ते मी ठरवणार."

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेटर जेवायला बसला की तुमचं धूड झोपतं. पाऊस डोक्यावर असला तरी झोपतं. मी सकाळी चालवीन. दुपारी ही चालवेल." तिने धाकट्या जावेकडे बोट केलं. "मग टोळीतली एकेक शिकेल. एक चालवेल, बाकीच्या टाकी रिकामी करतील, पोती भरतील, पाती घासतील, आडवं पीक असेल तर पुढे चालून कुठे झोपलंय ते दाखवतील. ऑपरेटर आहे तो महिना तोही शिकवेल. धूड थांबायचं नाही."

"अहो, टोळी करून कधी यंत्र चालवतात का?"

"आजवर तुमची कापणी कुणी केली? टोळीनेच ना? मग आताही टोळीच करेल."

 दुपारभर यंत्र थांबणार नाही म्हटल्यावर शेतकरी अध्यक्षांकडे अशा नजरेने बघत होते की नाही म्हणायची सोयच नव्हती. भाचा गॉगल पुसत पुढे आला आणि म्हणाला, "मला घेता का टोळीत?"

"सांगितलेलं ऐकणार असशील तर ये," मुकादमीण म्हणाली. "नवीन माणूस रांगेत शेवटी उभं राहतं."

ती खाली उतरली. धाकटी जाऊ जागेवरच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर काढायचा हे तिला सुचत नव्हतं.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"मला तरी कुठे येत होतं? चढ. मधला पट्टा अजून उभा आहे."

जाऊ चढली. बसली, आणि लगेच म्हणाली, "ताई, आधी ही उशी काढा. गुडघे हनुवटीला लागतायत."

ऑपरेटर तिच्या शेजारी पायरीवर उभा राहिला. मुकादमीण उशी काखेत घेऊन खाली. धूड गुरगुरलं, एक हिसका बसला, जावेने तोंडातल्या तोंडात कुणाचा तरी उद्धार केला, आणि ते चालू लागलं. अंगाने बरोबर धरलं होतं तिने, ओंब्यांकडून. पण पट्टी कधी आभाळात, कधी मातीत. मागे ओंब्यांचा सडा पडत गेला. टोळीने ते पाहिलं मात्र, बायका टोपल्या घेऊन धावल्या. टोळीतली एकेक जोवर शिकत होती तोवर सरव्याला तोटा नव्हता, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. शिवाय आज हसायला मिळत होतं ते वेगळंच.

पट्ट्याच्या टोकाला धूड थांबलं. जावेने आरशात पाहिलं. बायका वाकल्या होत्या आणि दोन्ही हातांनी वेचत होत्या. तिचा चेहरा लालबुंद झाला. दार उघडून ती अर्धी बाहेर आली आणि गरजली, "वेचू नका! ठेवा ते खाली! हसताय काय? पुढच्या फेरीत एक ओंबी सापडली तर नाव लावणार नाही मी!"

आणि तिने दार आपटून धूड वळवलं.

मुकादमीण इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने बांधावर सावली बघून उशी ठेवली आणि तिला टेकून बसली. कापणी चालू असताना ती आयुष्यात पहिल्यांदाच नुसती बसली होती.